वोलोग्दाला जायचा दाखला

आपला माणूस यानाचं दार उघडून अंतराळात उतरला, त्या दिवशी सामुदायिक शेताच्या अध्यक्षांनी सगळ्या गावाला क्लबात बोलावलं. "आता सोव्हिएत माणसाला आभाळसुद्धा अडवू शकत नाही!" ते गरजले. आम्ही टाळ्या वाजवल्या, वाजवाव्याच लागतात.

मग गोठ्यात दूध काढणारी उस्तिन्या उठली. "सावेली कुझ्मिच, तेवढा माझ्या ग्लाफिराचा गाव सोडायचा दाखला द्या की. वोलोग्दाला नर्सिंगला नंबर लागलाय पोरीचा. गेल्या वर्षीही तुम्ही सही केली नाहीत, अन् तिची जागा गेली."

"आणि तिच्या वाटच्या गाईंचं दूध कोण काढणार? तो अंतराळवीर?" अध्यक्ष स्वतःच्याच विनोदावर खदाखदा हसले. मागोमाग हिशेबनीसही हसला, ते त्याचं कामच आहे. "अगं, तो तरी कुठे मोकाट सुटला होता? त्यालासुद्धा दोरीनं बांधलंच होतं ना!"

उस्तिन्या हसली नाही. डोक्यावरचा रुमाल तिनं घट्ट बांधला.

 

"बांधलं होतं खरं. पण त्याची दोरी निदान दाराबाहेर तरी जात होती."