सुटलेला ठोका

वाटूरच्या शाळेत नववीच्या पोरांना संगीत किंवा रोबोटिक्स, दोनातला एक विषय घ्यायचा होता. तृप्तीच्या बापाला, पुंजारामला जाऊन चार महिने झाले होते, अन् वीस वर्षं गावच्या कीर्तनात वाजलेले त्याचे टाळ खुंटीला लटकून होते.

"संगीत घे. बाबाचे टाळ बंद नको पडायला," द्वारकाबाई लेकीला म्हणाल्या. तृप्तीनं रोबोटिक्स घेतलं. द्वारकाबाईंना त्याचा रागही आला नाही. हल्ली त्यांना काहीच येत नव्हतं, रडूसुद्धा.

शाळेच्या प्रदर्शनाला शेजारणीनं ओढून नेलं म्हणून त्या गेल्या. टेबलावर पत्र्याचे दोन हात होते आणि त्या हातांत घरचेच टाळ. खुंटी कधी रिकामी झाली, हेही त्यांना कळलं नव्हतं. तृप्तीनं बटण दाबलं आणि हात रामकृष्णहरीच्या ठेक्यावर वाजायला लागले.

परीक्षक कान देऊन ऐकत होते. "झकास आहे बेटा. पण दर फेरीला एक ठोका सुटून राह्यला. तेवढी चूक काढ, पहिला नंबर तुझाच."

"चूक न्हाई सर, मीच सोडला तो," तृप्ती म्हणाली. "बाबांचा व्हिडिओ बघून हात बसवलेत. तिथं ते मनगटानं चष्मा वर सारायचे. नंबर गेला तर जाऊ द्या."

तिनं पुन्हा बटण दाबलं. हात वाजले, ठोका सुटला.

चार महिन्यांत पहिल्यांदा द्वारकाबाईंचा आवाज चढला, "अहो, किती डाव सांगितलं, त्या चष्म्याला दोरी बांधा म्हणून."