खाटीक पक्ष्याची शिकार

प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी माझ्या फोटोपुढे होती. बाभळीच्या काट्याला टोचलेला नाकतोडा, शेजारी खाटीक पक्षी, आणि चौकटीवर पहिल्या बक्षिसाची रिबीन.

"हा पक्षी आपली शिकार अशी काट्याला टोचून ठेवतो," मी एका बाईंना सांगत होतो. "पण ते कॅमेऱ्यात सापडायला धीर लागतो. भिवापूरजवळ एका मिरचीच्या शेतात तीन दिवस बसलो होतो."

"तीन दिवस? उन्हात?"

"बसले होते नं बाई," मागून गुणवंत बोलला. शेत त्याचंच. फोटो बघायला म्हणून मीच त्याला हौसेनं नागपूरला बोलावलं होतं. इस्त्रीचा सदरा घालून, माझ्यासाठी घरच्या मिरच्यांची पिशवी घेऊन तो सकाळच्या बसनं आला होता. "मीच तर डबा नेऊन देत होतो सरांले."

बाईंनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि त्या पुढच्या फोटोकडे गेल्या.

मला गुणवंतकडे बघवेना. त्यानं मला कधीच डबा आणून दिला नव्हता. मी त्याच्या शेतात जेमतेम तासभर होतो.

तो जवळ सरकला आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, अगदी काळजीनं म्हणाला, "सर, त्या दिवशी तुम्ही नाकतोडा टोचून राहिले होते, तवा तुमच्या बोटात काटा मोडला होता. निंघाला का तो?"