क्रुसाजवळची चौथी जागा

खणायला कुणी पुढं येईना. गणूची शवपेटी दफनभूमीच्या फाटकाशी टेम्पोतच होती. शेजारी त्याची बायको तुळसा पदराचं टोक दातात धरून उभी. काल घोडबंदर रोडच्या एका टॉवरला रंग देताना गणू परांचीवरून पडला होता.

फादर सिल्वेस्तर अनवाणीच आले. सत्तरी उलटलेली, अंगावर फ्रान्सिस्कन संन्याशाचा तपकिरी झगा, कमरेला दोर. याच माणसानं गेल्या वर्षी चर्चच्या पुढच्या बाकांवरच्या जुन्या घरांच्या नावाच्या पाट्या स्वतःच्या हातानं उपटल्या होत्या. गावकीचा तो राग अजून निवला नव्हता.

"फादर, इथं जुन्या घरांचीच माणसं," चर्च कमिटीचे इनास पाटील म्हणाले. "आजोबांपासून चालत आलंय. उपऱ्यांना जागा कुठून आणायची?"

"पंधरा वर्षं येत होता तो चर्चला."

"मागं उभा राहायचा."

"कुणी सरकून बसायला दिलं नाही, इनास."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. पाटील चिडले. "नाव तरी बघा त्याचं. गणू म्हणे."

"बाप्तिस्म्याचं नाव मीच ठेवलंय. तुम्ही कधी विचारलंत?"

"ते काही असो. नवीन खड्डा पडणार नाही. जायचं तर बिशपांकडं जा."

फादरांनी भिंतीला टेकवलेली कुदळ उचलली आणि थेट मोठ्या क्रुसाच्या पायथ्याशी गेले. गावची सेवा करता करता गेलेले तीन धर्मगुरू तिथं विसावले होते. चौथी जागा दगड लावून आखलेली. फादरांचं दुखणं बरं होण्यातलं नाही असं कळलं, तेव्हा कमिटीनंच ती मोठ्या मानानं त्यांच्यासाठी राखली होती.

तिथंच त्यांनी पहिला घाव घातला.

तुळसा धावत आली. "बाबा, नका. ही तुमची जागा."

"खणू दे गं बाई. आधीच दम लागतोय, आणखी बोलायला लावू नकोस."

तिनं पदर खोचला. मग घमेलं ओढलं आणि माती भरू लागली.

पाटलांच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो फादर, उद्या तुमची वेळ आली म्हणजे? तुम्हाला कुठं ठेवायचं आम्ही?"

फादरांनी कुदळीवर भार दिला आणि तुळसाकडं मान वळवली.

"हिला विचारा. जागा आता हिच्या घरची आहे."