स्वतःच्या अक्षरात

"ही सही तुमच्या वडिलांची नाही," कर्ज विभागातल्या मॅडम म्हणाल्या. "ही तुमची आहे."

पेंटरच्या पोरीला आधी हसूच आलं. घरासाठीच्या कर्जाचा अर्ज तिनं भरला होता हे खरं, पण सही बाबांचीच होती. चष्मा सापडला की करतो म्हणून ते कागद आतल्या खोलीत घेऊन गेले होते आणि पाच मिनिटांत सही ठोकून आले होते.

मॅडमनी अर्जावर बोट ठेवलं. वर पोरीनं लिहिलेलं बाबांचं नाव, खाली सही. तोच तिरका काना, तीच वेलांटीची शेपटी. मग त्यांनी कॉम्प्युटरचा स्क्रीन समोर बसलेल्या बापलेकीकडे वळवला. पंधरा वर्षांपूर्वी खातं उघडताना केलेली सही. गोल, ठेंगणी अक्षरं.

पेंटरनं वळण लगेच ओळखलं. बायकोचं. ती जाऊन सहा वर्षं झाली, पण तिचं अक्षर बँकेनं जपून ठेवलं होतं.

"माणूस तोच आहे की नाही, हे बघणं माझं काम आहे," मॅडम म्हणाल्या. "बापाच्या जागी मुलीनं सही केली असेल, तर कर्ज राहिलं बाजूला. मला वर कळवावं लागेल. तुमच्या नोकरीवरसुद्धा येईल हे."

पोरगी दवाखान्यात रक्त तपासायची. कायम होऊन चारच महिने झाले होते. तिचं हसू गेलं.

"ओ मॅडम, पोरीला काय बोलायचं नाही," पेंटर खुर्चीतून अर्धा उठला. "दोन्ही सह्या माझ्याच. आणा कागद."

त्यानं अर्जावरची सही काढली. तिच्या शेजारी स्क्रीनवरची काढली. केसाचा फरक नाही. मॅडमचा चेहरा बघून त्याला आणखीच चेव आला. अर्जावर मारलेल्या शिक्क्यात त्यांची सही होती, इंग्रजी, कोंबडीनं पाय ओढल्यासारखी. पेंटरनं तीही काढली आणि कागद पुढे सरकवला.

"ही घ्या तुमची. आता बसला विश्वास?"

बँकेत बसून करायचं हे काम नव्हे, हे त्याला दारावरचा वॉचमन दोन पावलं जवळ आल्यावर कळलं. मॅडमनी शिक्का ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवरला किल्ली लावली.

"काका, हात आहे तुमच्याकडे, मानलं. पण यातले तुम्ही कोणते?" त्यांनी कोरा कागद पुढे केला. "राहता तो पत्ता लिहा. एकच ओळ. स्वतःच्या अक्षरात."

शहरातली निम्मी दुकानं पेंटरनं रंगवली होती. गिऱ्हाइकानं चिठ्ठीवर लिहून द्यायचं, यानं ते भिंतीवर हातभर मोठं करायचं. डॉक्टरचं डॉक्टरसारखं, न्हाव्याचं न्हाव्यासारखं. स्वतःचं अक्षर आजवर कुणी मागितलंच नव्हतं.

त्यानं शर्टाचा खिसा चाचपला. "च्यायला, चष्मा..."

तीस वर्षांत हा डाव कधी फसला नव्हता. घरी रोजचा पेपर पोरीनं वाचून दाखवायचा. शाळेचं प्रगतिपुस्तक आईनं बघायचं. बाबांनी फक्त चष्मा विसरायचा.

"मला माहीतच होतं!" पोरगी म्हणाली आणि पर्समधून डबी काढली. "म्हणून आज मीच आणलाय."

तिनं काच ओढणीला पुसली आणि चष्मा स्वतःच्या हातानं त्याच्या नाकावर चढवला.

आता सगळं लख्ख दिसायला लागलं. कागदाचा कोरेपणासुद्धा. पेंटरनं पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. एक ठिपका उमटला. मागे रांगेत कुणीतरी खाकरलं.

"बाबा, लिहा ना. एवढं काय त्यात?"

त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. तिनं मात्र बघितलं. आधी ठिपक्याकडे, मग बाबांच्या नखांत अडकलेल्या निळ्या रंगाकडे, मग चष्म्याकडे.

"पत्ता सांगू का मी?" तिनं अगदी हळू विचारलं.

"पत्ता पाठ आहे गं," पेंटर म्हणाला. "लिहिता येत नाही."

मॅडमनी पेन त्याच्या हातातून अलगद काढून घेतलं. त्यांचाही आवाज खाली आला होता. "मग आधीच सांगायचं ना, काका. दोन साक्षीदार घेऊन अंगठा चालतो. तिकडे एवढी मोठी पाटी लावलीय की."

खांबापाशी बाकडं होतं आणि त्याच्यावर पाटी. पांढऱ्यावर लाल अक्षरं, पिवळी किनार. पेंटरनं तीन वर्षांपूर्वी बँकेच्या शिपायाच्या चिठ्ठीवरून काढलेली. झकास साधली होती. बँकेत आला की दुसरीकडे कितीही जागा असली तरी तो मुद्दाम त्याच बाकड्यावर बसायचा. येणारेजाणारे वर बघायचे, मग त्याच्याकडे बघायचे. त्याला वाटायचं, कारागीर ओळखला.

दोघं जाऊन तिथे बसली. शिपाई शाईचा पॅड आणायला गेला. बाबांच्या अंगठ्यावर रंग वाळला होता. पोरगी तो रुमालानं खरवडत राहिली.

"काय लिहिलंय गं वर?" पेंटरनं विचारलं. या वेळी खिसा चाचपला नाही.

पोरीनं वाचून दाखवलं, त्याच्या एकट्याच्या कानाला जाईल इतकंच. "सही करता येत नसल्यास येथे बसावे."

पेंटरनं मान वर करून पाटीवरचं एकेक अक्षर पुन्हा बघितलं.

"चूक नाही ना कुठे?"

"नाही बाबा," पोरगी म्हणाली. "एकही नाही."