ढकललेला उतारा

गुणाजीच्या बायकोला फुरसं चावलं होतं. आरोग्य उपकेंद्रात औषधासाठी खास पाळलेल्या शेळीच्या दुधातच त्या विषावरचा उतारा असे. बारीक मणी भरलेल्या नळीत दूध ओतलं की तो मण्यांना चिकटे, बाकीचं दूध खालच्या बादलीत गळे; मग मण्यांवरून उतारा धुऊन घेऊन सुईने देत. वत्सला सिस्टर सलाईन लावत होत्या, तेवढ्यात घाबरलेल्या गुणाजीने एका तांब्याऐवजी अख्खी किटली ओतली.

सिस्टरनी मणी तपासले. उतारा उरलाच नव्हता.

"जास्त दुधात जास्त औषध, असं वाटलं हो सिस्टर."

"दुधातली दांडगी प्रथिनं मागून आली आणि उताऱ्याला ढकलून मण्यांवर बसली."

रडत गुणाजी बादलीत गळलेलं दूध फेकायला उठला. सिस्टरनी बादली घट्ट धरली.

"अरे, ढकललेला इथेच आहे! दांडगे त्या मण्यांवर अडकलेत. नवी नळी आण, हे दूध तिच्यात ओतून त्याला पुन्हा पकडू. रडायचं नंतर बघू."