साळूबाईंचा दम

दहाव्या हातालाच आकाराम सुभेदार पाण्यात उभे राहिले आणि खोकत सुटले. तोंड तांबडंलाल. काठावरच्या खुर्चीतून त्यांच्या बायकोनं, साळूबाईंनी, रोजच्यासारखं सुनावलं, "तरी म्हणत हुते, आवं दम धरा, दम धरा."

शर्यत उद्यावर आली होती. साठीच्या पुढच्यांची, ब्रेस्टस्ट्रोक, पन्नास मीटर. गेल्या वर्षी याच सांगलीच्या तलावात सुभेदार निम्म्यात थांबले आणि शेजारच्या पट्ट्यातून वाईचे व्याही लालासाहेब आरामात पुढे गेले. तेव्हापासून बारसं असो की साखरपुडा, लालासाहेब पंगतीत जिलेबीच्या आधी तो किस्सा वाढतात. यंदाही तेच झालं तर सुनेच्या माहेरी पुन्हा पाऊल टाकणार नाही, असं सुभेदारांनी घरात जाहीर केलं होतं. सून बिचारी त्या दिवशी जेवली नव्हती.

शिकवणारी स्वप्नाली कवठे महांकाळची. टँकरच्या गावच्या पोरीनं आष्ट्याच्या, म्हणजे कृष्णाकाठच्या गड्याला पोहायला शिकवायचं, याचं सुभेदारांना चार दिवस लय वाईट वाटलं. पण पोरगी पक्की होती.

"आबा, विहिरीतली सवय सोडा. मान वर राहिली की कंबर बुडती, मग पाय नुसतं चिखल तुडवत्यात. हात छातीशी आलं की वर येऊन श्वास घ्या. हात पुढं गेलं की तोंड पाण्यात, आन् आतच सगळा सोडा."

सुभेदार तसं करायचेही. सकाळी सहाला बुडबुडे काढत, अंग फळीसारखं सरळ ठेवून दोन फेऱ्या सहज मारायचे. आठच्या एसटीनं साळूबाई डबा घेऊन आल्या की सगळं बिघडायचं. बायकोसमोर लाजतात, असा तलावावर सगळ्यांचा समज होता.

आज स्वप्नालीनं पाण्याऐवजी साळूबाईंकडं लक्ष ठेवलं. मग त्यांच्याजवळ येऊन बसली.

"मावशी, तुमी दम धरा म्हणलं की त्यांचं बुडबुडे बंद पडत्यात. ते खरंच श्वास धरून बसत्यात."

"अगं, मी धीर धरा म्हणून म्हणती."

"पाण्यात दुसराच अर्थ पोचतोय. उद्या दम सोडा म्हणा."

साळूबाईंनी कानांवर हात ठेवले. नवरा चोवीस वर्षं फौजेत होता. तेवढ्या वर्षांत असलं अभद्र त्यांनी मनातसुद्धा येऊ दिलं नव्हतं. "नवऱ्याला कुणी दम सोडा म्हणतं व्हय? आन् म्हणलं तरी ते माझं कवा ऐकत्यात? चाळीस वर्षांत मी सांगितलेली भाजी एकदा आणली न्हाई."

दुसऱ्या दिवशी साळूबाई तोंडाला पदर लावून गप्प बसल्या. सुभेदारांची पहिली फेरी झकास झाली. वळताना मात्र लालासाहेबांची पिवळी टोपी पुढं दिसली आणि सुभेदारांची मान वर आली ती वरच राहिली. कंबर बुडाली. बुडबुडे बंद. वाईची मंडळी आधीच हसायला लागली होती.

साळूबाई उठल्या. देवाची मनातल्या मनात माफी मागितली आणि साऱ्या तलावाला ऐकू जाईल असं ओरडल्या, "आवं, दम सोडा. सोडा म्हणती ना."

विहीणबाईंनी 'शिव शिव' म्हटलं. पण सुभेदारांचं तोंड त्याच क्षणी पाण्यात गेलं, बुडबुड्यांचा हा लोट उठला आणि अंग वर तरंगलं. ते थांबले नाहीत. लालासाहेब जिंकले खरे, पण फक्त वीतभर अंतरानं, आणि तेसुद्धा पुढं पाच मिनिटं बोलण्याच्या अवस्थेत नव्हते.

सुभेदार धापा टाकत काठाला आले. "अगं, इतकं दिवस धरा म्हणालीस, धरला. आज सोडा म्हणालीस, सोडला. एक काय ते ठरीव की."

साळूबाईंना इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी टॉवेल पुढं केला.

"या बाहेर, घरला चला. आता लय सांगायचं हाय तुमाला."