अंगणातली मनाली

साहेब, माझ्या नवऱ्याला तुम्ही बर्फ बघू दिला नाहीत.

जुन्या टेम्पोचं त्यांनी स्वतःच्या हातांनी घर केलं होतं. पत्र्याच्या आत थर्माकोल, त्यावर प्लायवूड, निजायला दिवाण. मनालीला जाऊन बर्फात राहायचं, एवढीच हौस. गाडीत असा बदल करायला तुमच्या आरटीओची परवानगी लागते, ती तुम्ही दोन वर्षं अडवलीत. "नियमात बसत नाही," एवढंच म्हणायचात, तेही मान वर न करता.

मग आम्ही निफाडच्या थंडीत, आमच्याच अंगणात, सरावासाठी टेम्पोत झोपायला लागलो. पहिल्या दिवशी सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या. सकाळी छतावरून थेंब टपकत होते.

"अहो, गळतंय की हे!"

"गळत नाही गं, आपल्याच श्वासांचं पाणी आहे ते. त्यात तू घोरतेस केवढी!"

तेव्हापासून खिडकी दोन बोटं उघडी ठेवायचो आणि एका गोधडीत चिकटून झोपायचो. डोळे मिटून ते विचारायचे, "पडतोय का बर्फ?" मी म्हणायचे, "पडतोय. झोपा आता."

यंदा श्रावणात ते गेले. परवा तुमची परवानगी आली, त्यांच्या नावाने. काल मी टेम्पोत एकटी झोपले. खिडक्या मुद्दाम घट्ट लावल्या. सकाळी छताला हात लावून पाहिलं, तर कोरडं. एकटीच्या श्वासाने काही होत नाही.

साहेब, टेम्पो तोच, कागद तेच. मग दोन वर्षं नियमात काय बसत नव्हतं? मला लेखी उत्तर पाहिजे.